प्लायवूडची काच

माझी पोस्टिंग तेव्हा सिक्कीमला होती. सप्लायची गाडी, ट्रेड ड्रायव्हर, रँक नायक. शिक्षण चौथी पास. गाव मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या अलीकडे. शाळेच्या गुरुजींनी मला एक वही दिली आणि म्हणाले, बाळारामकाका, फौजेतलं काही लिहा, लोक वाचतील. लोकांना बंदुकीचं ऐकायचं असतं. मी बंदूक रेंजवर चालवली, बाकी सगळी नोकरी गाडी चालवली. म्हणून ही गोष्ट गाडीच्या मागच्या काचेची आहे. ज्याला नको त्याने वाचू नये.

रोजचं काम असं. साडेचारला उठायचं. पाचला गाडीपाशी. तेल, पाणी, हवा, ब्रेक. सहाला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. साडेसहाला कॉनव्हॉय निघायचा. बारा गाड्या. पीठ, डाळ, केरोसीनचे कॅन, वरच्या पोस्टांना पोचवायचे. रस्ता एका गाडीपुरता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाई. समोरून गाडी आली की एकाने रुंद जागेपर्यंत मागे जायचं. तिथे पुढे चालवता येणारे ड्रायव्हर पुष्कळ होते. मागे नेता येणारे थोडे. त्यात मी होतो.

मोठ्या गाडीच्या केबिनला मागे एक काच असते. हातभर लांब, वीतभर रुंद. सिव्हिलच्या माणसाला वाटतं, ती उजेडासाठी आहे. ती दोन कामांसाठी असते. एक, बघायला. दुसरं, ऐकायला. गाडी मागे घेताना को-ड्रायव्हर मागच्या बॉडीत केबिनला टेकून उभा राहतो, ताडपत्री वर करून बाहेर मान काढतो, चाक आणि कड बघतो आणि काचेवर ठोकतो. एक ठोका थांब. दोन ठोके चल. इंजिन कितीही ओरडो, काचेचा आवाज कानात शिरतोच. एसटीच्या कंडक्टरची घंटी असते तसंच हे.

माझा को-ड्रायव्हर हरी. लान्स नायक. तो माझा मेहुणा पण होता, माझ्या बायकोचा, हिराचा, धाकटा भाऊ. डोळखांबच्या वरच्या पाड्यातला. भरतीला त्याला मीच घेऊन गेलो होतो. साहेबाच्या हातापाया पडून एकाच प्लाटूनला मागून घेतला. खिशात कायम दहा-अकराचा पाना. त्या पान्यानेच तो काच ठोकायचा. टिक. टिक-टिक. दोन ठोके दिले की मागून ओरडायचा, "डबल बेल, भावजी! मुरबाड, सरळगाव, किन्हवली, चला!" सगळा कॉनव्हॉय हसायचा. पंजाबी पोरं पण त्याला डबलबेल म्हणायची. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता.

एका दुपारी वरून परत येताना डोंगरातून दगड सुटला आणि ताडपत्री फाडून मागच्या काचेवर बसला. काच गेली. हरी त्या वेळी माझ्या शेजारी बसला होता म्हणून वाचला. मला म्हणाला, "भावजी, दगडाला पन माझाच पत्ता दिला व्हता, मी घरी नाय भेटलो."

पाच वाजता लाइनवर पोचलो. गाडी लावली आणि एमटी हवालदाराकडे गेलो. जगन्नाथ त्याचं नाव. घाटावरचा मराठी माणूस. सगळ्या गाड्यांची जबाबदारी त्याच्यावर. त्या प्लाटूनमध्ये मराठी आम्ही तिघंच, त्यामुळे मी त्याला घरचा समजत होतो. हिराने पाठवलेले नाचणीचे पापड आमच्याबरोबर बसून खायचा.

मी सांगितलं, "हवालदारसाहेब, मागची काच गेली. गाडी ऑफ रोड करा."

"काच स्टोअरला न्हाय. मागणी लावलीय. तवर प्लायवूड मार."

"प्लायवूडातून दिसत नाही. ऐकू येत नाही."

"उद्या बारा गाड्या मागितल्यात. मी साहेबाला अकरा कशा दाखवू? एका दिसाचा सवाल हाय, बाळाराम."

"मग बुकात तसं लिहा."

"लिवतो की. सांग."

गाडीत काही बिघाड असला की लिहायची एक वही होती, तिला डिफेक्ट बुक म्हणायचो. ती इंग्लिशमध्ये असायची. मला इंग्लिश येत नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. मी सांगितलं: मागची काच फुटली. दुसरी काच मिळाली नाही. प्लायवूड लावलं आहे. मागचं दिसत नाही. त्याने लिहिलं. एकच ओळ लिहिली.

मी म्हणालो, "मी चार गोष्टी बोललो. तुमी एकच ओळ लिहिली."

तो हसला. "आरं, ते इंग्लिश हाय. इंग्लिशमदी सगळं थोडक्यात बसतं."

मी पण हसलो. मराठीत सही केली.

मग प्लायवूड कापलं, बसवलं. फटीतून वारं येत होतं आणि थंडी भयंकर. म्हणून आतल्या बाजूने प्लायवूडवर दुहेरी गोणपाट ठोकलं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. गोणपाट माझं. ते मी कुणावर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो. माझी गाडी सगळ्यात मागे, टेल गाडी. टेल गाडीत वायरलेस सेट असतो, म्हणून माझ्या शेजारी सिग्नलचा ऑपरेटर बसला. सेल्वम नाव, तमिळ मुलगा. कानाला हेडफोन. हरीला मागे बॉडीत बसावं लागलं. पिठाची पोती पुढे, केरोसीनचे कॅन मागे.

नऊ वाजून दहा मिनिटांनी धुकं उतरलं. नऊ चाळीसला पुढची गाडी थांबली. सेट बोलला.

"टेल, टेल, आगे स्लाइड है. रोड बंद. ओव्हर."

"टेल रॉजर. ओव्हर."

"ऊपर से और आ रहा है. पूरा कॉनव्हॉय पीछे लेना है. टेल पहले. दो सौ मीटर पीछे चौड़ी जगह है. जल्दी करो. ओव्हर."

"टेल रॉजर. आउट."

माणूस खाली उतरवून मागे चालवायला जागा नव्हती. डोंगराच्या बाजूला आरसा घासत होता, खाईच्या बाजूला चाक कडेपासून दोन हातांवर. मी खिडकीतून ओरडलो, "हरी, मागं घेतोय. बघ."

"चला, भावजी!"

रिव्हर्स टाकला. रिव्हर्सला ती गाडी रडल्यासारखा आवाज करते. आरशात धुकं. काचेच्या जागी गोणपाट. मी फक्त ठोक्यांवर गाडी घेत होतो. दोन ठोके आले. धप-धप. घेतली. परत धप-धप. घेतली. शंभर मीटर झाले असतील. मग काही वेळ काहीच नाही. मी पाय सैल केला. परत धप-धप.

दोन म्हणजे चल. मी घेतली.

आज मला ठाऊक आहे की ते दोन नव्हते. पाच असतील, सहा असतील, दहा असतील. तो थांब, थांब, थांब म्हणून मारत सुटला होता. गोणपाटातून आणि इंजिनातून त्यातले दोनच माझ्याकडे आले. काच असती तर पहिल्यालाच माझा पाय ब्रेकवर गेला असता.

मागचं डावं चाक कडेवरून गेलं. गाडी मागे बसली, नाक वर झालं. चेसिस दगडावर अडकली म्हणून आम्ही पुढचे दोघे राहिलो. मागचा फळका तुटला. कॅन गेले, त्यांच्या मागून पोती गेली, पोत्यांबरोबर हरी गेला. आवाज कॅनचाच आला. त्याचा आला नाही.

वेळ नऊ बावन्न. सेल्वमने सेटवर सांगितलं, "टेल गाड़ी नीचे. एक आदमी मिसिंग. ओव्हर." पलीकडून विचारलं, "कौन?" तो माझ्याकडे बघायला लागला. त्याला हरीचं खरं नाव माहीत नव्हतं. तो म्हणाला, "डबलबेल."

अडीच वाजता त्याला वर आणला. पाना खिशात नव्हता. हातात होता.

रस्ता मोकळा करायचा होता म्हणून संध्याकाळी माझी गाडी खाईत ढकलली. प्लायवूड, गोणपाट, सगळं तिच्याबरोबर गेलं.

नवव्या दिवशी चौकशी बसली, कोर्ट ऑफ इन्क्वायरी. मेजरसाहेबांनी विचारलं, "पीछे का शीशा था?"

"नहीं, साहब. प्लायवूड था. बुक में लिखा है."

साहेबांनी बुक उघडलं आणि वाचलं. रिअर विंडो रिप्लेस्ड. फिट फॉर रोड.

"साहब, रिप्लेस्ड मतलब?"

"बदली कर दी. दस्तखत किसका है?"

"मेरा, साहब."

जगन्नाथ हवालदार दोन पावलांवर सावधानमध्ये उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "साहब, इसने जो बोला, वही लिखा."

सेल्वमला विचारलं. तो म्हणाला, मी सेट लावत होतो, मागे बघितलं नाही. तो खोटं बोलला नाही. त्या गाडीत तो पहिल्यांदाच बसला होता.

मी पुष्कळ वर्षं त्या शब्दावर विचार केला. रिप्लेस्ड. काचेच्या जागी प्लायवूड लावलं, म्हणजे बदललंच की. त्या शब्दात जगन्नाथने धड खोटंही लिहिलं नाही. शत्रूचा माणूस असं करतो तेव्हा आपण तयार असतो. हा माणूस माझ्या बायकोचे पापड खात होता.

माझी फीत काढली. नायकाचा शिपाई झालो. गाडी काढून घेतली. उरलेली नोकरी मी लंगरला, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघराला, लाकडं फोडली आणि बागेला पाणी घातलं.

गावी मी पोचायच्या आधी कागद पोचला होता. माझ्या सासऱ्याने तो शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं, चालकाच्या चुकीमुळे. मी डोळखांबला गेलो तर सासरा ओटीवर बसला होता. मी सांगायला सुरुवात केली. काच नव्हती, बाबा. तो म्हणाला, "कागदावर काच हाय. सही तुझी हाय." हरीचा मोठा भाऊ धर्मा दारात आडवा उभा राहिला.

पुढे त्यांच्या पाड्याजवळच्या शाळेच्या आवारात हरीच्या नावाचा दगड उभा केला. धर्मादादाने निरोप पाठवला, त्या दगडाला हात लावायचा नाय.

हिराने मला सोडलं नाही. तिला मी सगळं सांगितलं. एकदाच. तिने ऐकलं, चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, "झालं ते झालं." विश्वास ठेवला की नाही ते बोलली नाही. दरवर्षी हरीच्या दिवसाला ती माहेरी जायची. मी तिला गाडीने शाळेच्या फाटकापर्यंत न्यायचो, ती उतरायची, मी तिथूनच गाडी वळवायचो. अशी एकतीस वर्षं.

हिरा गेल्या थंडीत गेली. छातीत दुखलं, मुरबाडला पोचेपर्यंत संपलं. गाडी मीच चालवत होतो.

आता यंदाचं सांगतो.

माझ्याकडे एक जुनी पिकअप आहे. भात, भाजी, कुणाची जनावरं, जे मिळेल ते नेतो. यंदा म्हशाच्या जत्रेतून शेजाऱ्याचा बैल घेऊन येत होतो. गाडीच्या जाळीचे बोल्ट ढिले होते. बैल बिथरला आणि शिंग केबिनच्या मागच्या काचेतून आत आलं, माझ्या कानापासून चार बोटांवर. बाजूला बसलेला शेजारी म्हणाला, "काका, बैलाला पुढं बसायचंय." मी हसलो नाही. मागे वळून त्या भोकाकडे बघत बसलो.

मुरबाडला त्या मॉडेलची काच नव्हती. शहापूरला आहे म्हणाले, पण दोन दिवस लागतील. दोन दिवसांवर हिराचं वर्षश्राद्ध होतं. थंडी होती. मी प्लायवूड कापलं, बसवलं. मग वारं येत होतं म्हणून आतून गोणपाट ठोकलं. दुहेरी. खिळे मारून झाल्यावर कळलं मी काय केलं ते. काढलं नाही.

वर्षश्राद्धाला धर्मादादा आला. बहिणीचं म्हणून आला. पंचाहत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले, हातात काठी. जेवला, माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला परत जायचं होतं. मी म्हणालो, "दादा, मी शहापूरला काच बसवायला चाललोय. तुमाला तसाच वर डोळखांबला सोडतो."

त्याने गाडीकडे बघितलं. मी पुढचं दार उघडलं. तो मागे गेला आणि बॉडीत चढायला लागला.

"दादा, पुढं बसा. मागं थंडी आहे."

"तुझ्या बाजूला मी नाय बसायचा, फौजी."

मी त्याला वर चढायला हात दिला. तो त्याने घेतला, कारण गुडघे. मग मी म्हणालो, "थांबवायचं असलं तर काठीने केबिनवर ठोका."

हे मी मुद्दाम केलं का? खरं लिहितो. अर्धं मुद्दाम केलं. तो मागे बसेल हे मला ठाऊक होतं. प्लायवूडचं काय होतं तेही ठाऊक होतं. पण मी त्याला पुढे बस म्हणालो होतो. दारही उघडलं होतं.

आठ वाजता निघालो. मुरबाड गेलं. सरळगावला वळलो. रस्ता चांगला, मी पन्नासच्या वर गेलो नाही. आरसे साफ होते. मला काही ऐकू आलं नाही. एकदा वाटलं काहीतरी धपधपलं, तर मी समजलो स्टेपनी सैल झाली असेल. असं साधारण दहा किलोमीटर. किन्हवलीला नाक्यावर एसटी आडवी होती म्हणून थांबलो.

धर्मादादा स्वतःच उतरला. कसा उतरला देव जाणे. खिडकीपाशी आला. डोक्यावर टोपी नव्हती. काठीचं खालचं टोक फुटलं होतं.

"बहिरा झालास काय रे? माझी टोपी उडाली! लघवीला थांबवायचं व्हतं! काठी मोडली मारून मारून! किती ठोकलं मी!"

"किती?"

"किती म्हंजे? मोजत व्हतो काय? सारखा ठोकत व्हतो!"

"मला एकदा दोन ऐकू आले, दादा. मी चालत राहिलो."

तो पुढे काही बोलणार होता. त्याने माझ्या मानेमागचं गोणपाट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच हात आत घालून बोटाने दाबून बघितलं. मागून एसटीवाला हॉर्न मारत होता.

"चल," एवढंच म्हणाला. लघवी करून आला आणि परत मागेच बसला.

शहापूरला रफीकचं काचेचं दुकान आहे. त्याने प्लायवूड उपटलं आणि म्हणाला, "काका, फायबर टाकू का? बैलाने शिंग मारलं तर शिंग तुटंल, फायबर नाय तुटायचा."

"ठोकून दाखव."

त्याने फायबरचा तुकडा आणला. मी गाडीतल्या दहा-अकराच्या पान्याने ठोकला. बद आवाज आला.

"आता काच."

काच ठोकली. टिक.

"काच बसव."

"ऐकायला घेताय का बघायला?"

"दोन्ही."

तो हसला आणि कामाला लागला. काच बसवायचं काम बघण्यासारखं असतं. काचेभोवती रबराचं बीडिंग चढवायचं, त्याच्या खाचेत गोलाकार दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तसं रबर पत्र्याच्या कडेवर चढतं. घाई केली तर कोपऱ्यात काच तडकते. बाहेरून रफीक दाबत होता, आत मी ओढत होतो.

धर्मादादा दुकानासमोर जुन्या टायरवर बसला होता. दोरी अर्धी निघाली तेव्हा तो म्हणाला, "आमाला ठाऊक व्हतं."

मी दोरी धरून राहिलो. "काय?"

"काच नव्हती ते. तो तुमचा हवालदार आलता. जगन्नाथ. पेन्शनीत निघाल्यावर. सुभेदार झालता. हरीचा दिवस व्हता. ओटीवर बसला, पानी पन नाय घेतलं. बोलला, लिवलं मी. प्लायवूड मारायला मीच लावलं. बाळारामचा दोष नाय."

"कधी?"

"आमचे बाबा गेले त्याच्या आदल्या वर्सी. अठरा वर्सं झाली."

रफीक काच दाबून उभा होता. त्याला काही कळलं नव्हतं. "काका, खेचा. हात भरला माझा." मी ओढली.

"मला का नाही सांगितलं?"

"बाबा बोलले, ज्याच्यावर येवढी वर्सं राग धरला त्याच्या दारात आता कुठल्या तोंडानं जायचं. मंग बाबा गेले. मंग मला पन तसंच वाटाय लागलं."

"हिराला?"

त्याने काठीचं फुटलेलं टोक चाचपलं. मग म्हणाला, "ती तिथंच व्हती ना. आतून ऐकलं तिनं सगळं. तीच बोलली, त्यांना नका सांगू. ते त्याला हुडकत जातील न् हातून काय करून बसतील."

दोरीचं शेवटचं टोक माझ्या हातात आलं. काच बसली होती.

अठरा वर्षांपूर्वीचा तो दिवस मला आठवतो. कारण त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या फाटकावरून हिराला घेतलं तेव्हा ती गाडीत बसली आणि किन्हवली आल्यावर म्हणाली, "तुमी गाडी बरी चालवता." लग्नापासून तिने माझ्या ड्रायव्हिंगचं नाव काढलं नव्हतं. मी म्हणालो, आज काय झालं? ती म्हणाली, "काय नाय. सहज बोलले." मला बरं वाटलं होतं. आठवडाभर बरं वाटत होतं. तेवढंच तिने मला दिलं. बाकी सगळं स्वतःजवळ ठेवलं आणि मला फाटकावरून परत पाठवत राहिली, आणखी सतरा वर्षं.

जगन्नाथने मला फसवलं, तो राग मी नीट सांभाळला आहे. त्याची मला सवय आहे. हिरावर राग कसा धरायचा ते मला येत नाही. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की माझ्या भल्यासाठी केलं. असेल. पण मी माणूस मारायला जाईन असं माझ्याच बायकोला वाटलं, आणि मी माणूस मारला नाही हे ठाऊक असून तिने मला कळू दिलं नाही. विचारायला ती नाही. मी रोज तिच्या फोटोपुढे दिवा लावतो आणि तोंड फिरवून बसतो.

रफीकने चिठ्ठीचं पुस्तक काढलं. "काय लिहू, काका? रिअर ग्लास रिप्लेस?"

"काच लिही. मराठीत. काच बसवली, असं."

"तेच झालं ना."

"तेच नाही."

त्याने लिहिलं. मी वाचून बघितलं. मग खिशात ठेवलं.

मी गाडीचं पुढचं दार उघडलं. धर्मादादा टायरवरून उठला, दारापर्यंत आला आणि थांबला.

"मी मागंच बसतो," तो म्हणाला. "ठोकायला."

त्याची काठी फुटलेली होती. मी पाना दिला.

शेणव्यावरून वर वळलो. मला मागचं सगळं दिसत होतं. त्याची पाठ, उघडं डोकं, पलीकडे मागे जाणारा रस्ता. डोळखांब गेलं. पाड्याच्या अलीकडे शाळा लागते. दरवर्षी मी जिथे गाडी वळवायचो ते फाटक आलं. मी नेहमीसारखा वळवायच्या तयारीने वेग कमी केला.

टिक.

एक ठोका. मी थांबलो.

धर्मादादा उतरला. फाटकाची कडी त्याने काढली. दुपारचे साडेबारा वाजले होते. शाळा भरलेली होती, आतून पाढे ऐकू येत होते. दगड वडाच्या बाजूला आहे. माझ्या खांद्याएवढा. त्यावर लान्स नायक हरी, गावाचं नाव, आणि खाली देशसेवेत कामी आला, असं कोरलं आहे. चालकाचं काही लिहिलेलं नाही. मला एकतीस वर्षं वाटत होतं की लिहिलेलं असेल.

मी सावधान उभा राहिलो. सॅल्यूट केला नाही, डोक्यावर कॅप नव्हती. धर्मादादा बाजूला उभा होता. तो म्हणाला, "लाव हात."

मी लावला. दगड उन्हाने गरम झाला होता.

लान्स नायक हरी. माझा को-ड्रायव्हर. त्याचे ठोके बरोबर होते. त्याने वेळेवर दिले. मला ते पोचले नाहीत. एवढंच मी त्याला सांगितलं, मनात. हिराचं काही सांगितलं नाही. ती त्याची बहीण होती.

परत गाडीत बसलो. पाडा अजून अर्धा किलोमीटर वर होता. धर्मादादा मागे चढला आणि केबिनला टेकून उभा राहिला.

टिक-टिक.

मी लगेच गाडी काढली नाही. आधी वळून मागच्या काचेतून बघितलं. तो दिसला, त्याच्यामागे फाटक दिसलं, फाटकातून दगड दिसला. मग गिअर टाकला.